भोईट्यांची वाइन

तळघराच्या जिन्यावर मी अर्ध्यातच थांबले. खाली पिवळ्या दिव्याखाली भोईटे उकिडवे बसले होते आणि त्यांच्या तोंडात रबराची नळी होती. नळीचं दुसरं टोक स्टुलावरच्या मोठ्या पांढऱ्या बादलीत बुडालेलं. बादलीत जांभळं, फेसाळ पाणी. गाल आत ओढून ते नळी चोखत होते. तेवढ्यात त्यांचं लक्ष वर गेलं. घाईघाईनं नळी तोंडातून काढून त्यांनी ती जमिनीवरच्या काचेच्या भल्यामोठ्या बरणीत सोडली. तोंडातला घोट त्यांनी थुंकला की गिळला, हे बघायला मी थांबले नाही.

वर येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. त्या घरात येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता आणि आल्या दिवसापासून एक आंबूस वास नाकात बसला होता. कारखान्याचाच असेल, असं मी स्वतःला समजावत होते. गावात कागदाच्या लगद्याचा कारखाना होता आणि त्याचा वास सगळीकडे असायचा, कोबी फार वेळ उकडल्यासारखा. पण हा दुसरा वास वेगळा होता. माझ्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, सदऱ्याला तो यायचा.

भोईटे वर आले. हात टॉवेलला पुसत दारातच उभे राहिले.

"कुंदा, ते प्यायला नाही."

"मग कशाला आहे?"

"करतो. दर वर्षी करतो."

"लग्नाच्या आधी मी तुम्हाला एकच गोष्ट विचारली होती."

"मी पीत नाही. तेव्हा खरं सांगितलं होतं. आत्ताही खरंच सांगतोय."

"न पिणारा माणूस घरात दारू गाळतो?"

"गाळत नाही. आंबवतो," ते म्हणाले, आणि असं म्हणायला नको होतं हे त्यांचं त्यांनाच कळलं. टॉवेल खुंटीला लावून ते पुन्हा खाली गेले. बादली अर्धीच रिकामी झाली होती.

भोईटे म्हणजे माझे यजमान, दिनकर भोईटे, मूळचे फलटणचे. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, म्हणून मी त्यांच्याबद्दल बोलताना आडनावच घ्यायचे. ते गेल्यावरही तीच सवय राहिली आहे.

मी बारामतीला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे. दादा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. मी कॉलेजात असतानाच ते दारूपायी गेले. तेव्हापासून मी ठरवून टाकलं होतं की बिनलग्नाची राहीन, पण पिणाऱ्याच्या घरी जाणार नाही. चांगली चांगली स्थळं त्यापायी परत गेली. वय वाढत गेलं तसे मामा चिडायला लागले. मग भोईट्यांचं स्थळ आलं. कॅनडात उत्तरेला कुठेसा कारखाना, तिथल्या प्रयोगशाळेत ते रसायनतज्ज्ञ. वय माझ्यापेक्षा बरंच जास्त. सुट्टीवर आले होते. मामांच्या माडीवर आम्हाला दहा मिनिटं बोलायला बसवलं, त्यात त्यांनी मला काहीच विचारलं नाही. मी विचारलं, "तुम्ही पिता का?" ते म्हणाले, "नाही." माणूस खोटं बोलत नाही असं वाटलं. लग्न झालं, ते परत गेले, आणि माझे कागद व्हायला जवळजवळ वर्ष लागलं. ऑक्टोबर सरता सरता मी तिथं पोचले तेव्हा झाडांवर एकही पान नव्हतं.

त्या संध्याकाळनंतर मी तळघरात जायचं बंद केलं. कपडे धुवायचं यंत्र खाली होतं, म्हणून मी न्हाणीघरात हातानं कपडे धुवायला लागले. भोईट्यांनी ते पाहिलं. काही म्हणाले नाहीत.

काही न म्हणणं हाच त्यांचा स्वभाव आहे, असं मी धरून चालले होते. सकाळी "येतो", संध्याकाळी "आलो". जेवताना "मीठ", किंवा कधी "चांगलं झालंय". जेवून हात धुतला की ते खाली जायचे. मी वर स्वेटर विणत बसायचे. बाहेर बर्फ पडायला लागलं की आवाज म्हणून उरायचा नाही. बारामतीला आमच्या घराला खेटून पिठाची गिरणी होती. तिच्या आवाजावर मी लहानपणी चिडायचे. तिथं कॅनडात एकदा दुपारी मी मिक्सर काढला आणि त्यात काहीही न घालता थोडा वेळ चालू ठेवला.

बाहेर बोलायचं तर इंग्रजी, आणि माझं इंग्रजी पुस्तकातलं. दुकानात गेलं की मी बोटानं दाखवायचे. शेजारी रोसेती नावाची एक इटालियन बाई होती, सत्तरीची, विधवा. तिचंही इंग्रजी मोडकंच. ती कुंपणाशी आली की आम्ही दोघी हवेकडे बोट दाखवून मान हलवायचो. एकदा तिनं तळघराकडे बोट करून विचारलं, "वाइन? गुड?" मी मान फिरवली. ती बरंच काही बोलली, त्यातलं मला एवढंच कळलं की भोईटे तिला ती चाखायलाही बोलवत नाहीत.

डिसेंबरात एकदा भोईटे कामावर असताना मी खाली गेले. बघायचंच होतं. भिंतीला लाकडी फळ्या ठोकल्या होत्या आणि फळ्यांवर आडव्या बाटल्या, रांगाच्या रांगा. प्रत्येक फळीवर खडूनं वर्ष लिहिलेलं. फळीखाली रिकामे डबे रचलेले, तुपाच्या डब्याएवढे. त्यावर द्राक्षाच्या घोसाचं चित्र. एक डबा उचलून वास घेतला. आत काकवीसारखं काळं, दाट काहीतरी तळाला चिकटलेलं. आमच्याकडे उसाचा रस आटवून गूळ करतात तसा हा द्राक्षांचा रस आटवून डब्यात भरलेला. भोईटे त्यात पाणी घालायचे, साखर घालायचे, यीस्ट घालायचे आणि ते पुन्हा जिवंत करायचे.

बाटल्यांवर धूळ होती. खालच्या फळीवर तर इतकी की बोट ओढलं तर रेघ उठावी. कुठेही हात लागल्याची खूण नव्हती. म्हणजे हा माणूस खरंच पीत नव्हता. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट भीती वाटली. पिणारा माणूस मला ठाऊक होता. त्याचं काय करायचं, त्याच्यापासून काय लपवायचं, कधी गप्प बसायचं, सगळं मी शिकून बसले होते. पण वर्षानुवर्षं दारू करून ती न पिता फळीवर रचून ठेवणारा माणूस कसला असतो? त्या दिवशी मी भोईट्यांकडे एक वेडा माणूस म्हणून पाहिलं.

नाताळ झाल्यावर, एका संध्याकाळी, ते जेवत असताना मी म्हटलं, "मला परत पाठवा."

घास त्यांच्या हातात राहिला. मला वाटलं, आता विचारतील. रागावतील. निदान का म्हणून तरी म्हणतील.

"मार्चमध्ये जा," ते म्हणाले. "तोवर रस्ते बंद असतात मधूनमधून. मी तिकीट काढतो."

"बरं."

त्यांनी ताटातलं सगळं संपवलं. नंतर मी भांडी घासताना खालून काही आवाज आला नाही. ते नुसतेच बसले असावेत.

पुढच्या रविवारी ते बाहेर गेले आणि द्राक्षाच्या चित्राचा एक नवा डबा घेऊन आले. मी खिडकीतून पाहत होते. गाडीतून डबा काढताना ते बर्फावर घसरले, पण डबा त्यांनी छातीशी धरून ठेवला. मला संताप आला.

"मी जायच्या आधीच तयारी सुरू का?" मी दार उघडून विचारलं.

ते मानेनंच हो म्हणाले आणि खाली गेले. इतका सरळ होकार येईल असं मला वाटलं नव्हतं.

ते वादळ जानेवारीच्या शेवटी आलं. सकाळी भोईटे कामावर गेले तेव्हा आकाश स्वच्छ होतं. दुपारी वारा सुटला. बघता बघता शेजारचं रोसेतीबाईचं घर दिसेनासं झालं, मग आमचंच कुंपण दिसेना. फोन वाजला. भोईटे होते.

"रस्ता बंद केलाय. आम्हाला इथंच थांबवणार आहेत. दार उघडू नकोस. भट्टी चालू आहे ना? घर गरम आहे?"

"चालू आहे."

"खाली..." ते म्हणाले आणि थांबले. "काही नाही. राहू दे." फोन बंद झाला. नंतर मी उचलून पाहिला तर त्यातला आवाजही गेला होता.

थोड्या वेळानं दिवे गेले. तळघरातली भट्टी तेलावर चालायची, पण गरम हवा वर ढकलायला तिला वीज लागायची, हे मला तेव्हा कळलं. जमिनीतल्या जाळीतून येणारी ऊब थांबली आणि घर गार पडायला लागलं. मी होते नव्हते तेवढे कपडे अंगावर चढवले. साडीखाली भोईट्यांची पॅंट, वर त्यांचा कोट. आईनं शिवून दिलेली गोधडी पांघरून पलंगावर बसले. वारा भिंतींना धडका देत होता. खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरायला लागलं. इथं मी मेले तर कुणाला कधी कळेल, असा विचार मनात आला आणि तो विचार मराठीत आला, याचंच मला हसू आलं, कारण मराठी कळणारं तिथं जवळपास कुणीच नव्हतं.

मग आवाज ऐकू आला. बुडुक.

वारा थोडा कमी होऊन पुन्हा उसळण्याच्या मधल्या वेळात तो यायचा. बुडुक. कुणीतरी पाण्यात खडा टाकावा तसा. मेणबत्ती घेऊन मी जिना उतरले. भट्टीच्या बाजूला लाकडी खोक्यावर ती काचेची बरणी होती, माझ्या कमरेएवढी. पोटात गडद जांभळा रस. चिंचोळ्या तोंडाला रबरी बूच, बुचातून वर आलेली वाकडी काचनळी, नळीत बोटभर पाणी. आतला वायू त्या पाण्यातून फुटून बाहेर पडायचा, त्याचा तो आवाज. मेणबत्ती जवळ नेली. रसातून बारीक बारीक बुडबुड्यांच्या माळा वर चढत होत्या. हात लावला तर काच कोमट होती. त्या सगळ्या घरात तेवढी एकच वस्तू कोमट होती.

मी तिथंच खाली बसले. तळघरात वारा तरी लागत नव्हता. बसल्या बसल्या लक्षात आलं की आवाज लांबतोय. आधी चटचट येणारा बुडबुडा आता वाट पाहायला लावत होता. भट्टी थंड झाली तशी बरणीही थंड होत चालली होती. भोईटे फोनवर "खाली" म्हणून थांबले होते ते यासाठी, हे मला समजलं. बरणीकडे बघ, असं मला सांगायची त्यांची हिंमत झाली नव्हती.

मी काय करत होते हे मला नीट कळत होतं. ज्या वस्तूमुळे आमचं घर बुडालं, तिच्या भोवती मी अंगावरची गोधडी काढून गुंडाळली. वरून पोती, जुनी चादर, भोईट्यांचा कोट. गाठी मारल्या. मग पाठ टेकून बसले. तो आवाज थांबला असता तर त्या घरात मी एकटी उरले असते. दुसरं कारण मला तेव्हाही सुचलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

मेणबत्ती संपली. अंधारात मी बोलायला लागले. सुरुवात कशी झाली आठवत नाही, पण माझ्या नववीच्या वर्गाची हजेरी मी घ्यायला लागले एवढं आठवतं. अभंग, आटोळे, बनकर, भापकर. नाव घ्यायचे आणि थांबायचे. बुडबुडा आला की पुढचं नाव. काळे सुमनला फार वेळ लागला. मी तिचं नाव पुन्हा घेतलं, जरा दरडावून, वर्गात घ्यायचे तसं. मग आला. सगळा वर्ग संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. घसा दुखायला लागला तेव्हा कळलं की कितीतरी महिन्यांत मी एवढं बोललेच नव्हते.

भोईटे दुसऱ्या दिवशी दुपारी आले. बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या मागोमाग चालत आले होते. भुवयांना बर्फ चिकटलेलं. वर कुठेच मी दिसेना, म्हणून नावानं हाका मारत ते सगळ्या खोल्यांतून फिरले. आमच्या लग्नानंतर माझं नाव एवढ्या मोठ्यानं त्यांनी पहिल्यांदाच घेतलं असेल. मग खाली आले आणि जिन्यावर थांबले, साधारण मी थांबले होते तिथंच.

मी उठायला गेले तर पाय बधिर झाले होते. ते पुढे आले, पण मला हात द्यायच्या आधी त्यांनी गोधडीवर कान ठेवला.

"बंद नाही पडलं," ते म्हणाले.

"पहाटे फार हळू झालं होतं."

"आईंनी शिवलेली ना ही? डाग पडेल."

"पडू दे."

ते शेवटच्या पायरीवर बसले. बुटांतून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं आता नेहमीसारखे गप्प होतील. पण त्यांनी घसा खाकरला आणि बोलायला सुरुवात केली, अडखळत, प्रत्येक वाक्य उचलून बघितल्यासारखं.

"मी आलो तेव्हा रोसेतीबाईंकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. ते होते तोवर दर वर्षी उन्हाळा सरला की रेल्वेनं ताजी द्राक्षं यायची, पेट्याच्या पेट्या. ती चिरडायचं बळ बाईंना राहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी डबे आणायला सुरुवात केली. बरण्या उचलायला मी मदत करायचो. असं शिकलो. मग हे घर घेतलं. वाटलं, आपलं घर झालं. पहिल्या हिवाळ्यात एका सोमवारी कामावर गेलो. साहेबांना गुड मॉर्निंग म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच येईना. शुक्रवारपासून मी कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो. घशाला गंज चढला होता. घाबरलो. त्याच दिवशी एक डबा आणला."

"प्यायला?"

"नाही. हा आवाज घरात असावा म्हणून. कामावरून आलो की आधी खाली यायचो. काहीतरी चालू आहे, आपल्याला त्याच्याकडे बघायचंय, असं वाटायचं. एक संपलं की दुसरं लावायचो."

"आणि एवढ्या बाटल्या? कधीच नाही घेतलीत?"

"एकट्यानं एक पेला घेतला असता, तर दुसरा घेताना मला कुणी थांबवलं असतं?" ते म्हणाले. "इथं असे खूप बघितलेत. हिवाळ्यात आत जातात ते उन्हाळ्यात ओळखू येत नाहीत. मला माझी खात्री नव्हती. मामांच्या माडीवर तू विचारलंस ना, पिता का म्हणून, तेव्हा मला वाटलं, या मुलीला सगळं सांगावं. पण सांगितलं असतं तर आली नसतीस."

"मी आल्यावर तरी बोलायचंत. मी होते ना घरात."

ते बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"सवय राहिली नव्हती. मनात आधी इंग्रजी यायचं, मग त्याचं मराठी शोधायचो. सापडेपर्यंत तू ताट उचलून गेलेली असायचीस."

मला रडू आलं ते त्या वाक्याला. मी किती घाईनं ताटं उचलत होते ते मला दिसलं.

"परत जाते म्हणाले तेव्हा एका शब्दानं अडवलं नाहीत."

"मला जे घर सोसत नाही त्यात तुला कुठल्या तोंडानं ठेवून घेऊ?" ते म्हणाले. "म्हणून डबा आणून ठेवला. तू खरंच ओळखलं होतंस."

वीज संध्याकाळी आली. भट्टी धडधडली आणि आम्ही दोघंही दचकलो.

त्याच आठवड्यात मी भोईट्यांना म्हटलं, बाटल्या अशा ठेवू नका, रोसेतीबाईला बोलवा. ती आली, जणू वर्षानुवर्षं आमंत्रणाची वाट बघत असावी तशी चांगले कपडे घालून आली. तिनं सगळ्यात जुनी बाटली उघडायला लावली, एक घोट घेतला आणि शांतपणे सिंकमध्ये ओतली. शिरका झाला होता, नुसतं व्हिनेगर. दुसऱ्या वर्षाचीही तीच गत. भोईट्यांचा चेहरा उतरत चालला. त्यांनी स्वतः कधी चाखून पाहिलं असतं तर कळलं असतं. तिसऱ्या बाटलीला तिनं पेला खाली ठेवला नाही. भोईट्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"घ्या," मी म्हटलं. "मी आहे इथं."

त्यांनी अर्धा पेला घेतला. मी घेतली नाही, तेव्हा नाही आणि पुढेही कधी नाही. एक पेला झाल्यावर मी बाटलीला बूच लावलं आणि त्यांनी पेला विसळून ठेवला.

म्हणजे सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. मार्चचं तिकीट काढून झालं होतं आणि मी ते परत करा म्हणाले नाही. एवढ्या गारठ्यात, एवढ्या दूर, एका माणसाच्या भरवशावर सगळा जन्म काढायचा म्हणजे काय, ते मला वादळानं चांगलंच दाखवलं होतं. भोईटे आता बोलायचे, पण मोजकं, आणि कधी कधी दोन दोन दिवस पुन्हा गप्प. मी जाते म्हणाले. परत येईन असं मी म्हटलं नाही आणि येशील का, असं त्यांनी विचारलं नाही. विमानतळावर त्यांनी माझी बॅग ठेवली, मफलर काढून माझ्या हातात दिला आणि बारामतीत त्याची गरज नाही हे आठवून परत घेतला.

बारामतीत सगळ्यांनी अंदाज बांधले. मामा तर दोन माणसांना म्हणून गेले की पोरगी परत आली. आईनं काही विचारलं नाही. ती कुरडयांच्या तयारीला लागली होती. गच्चीवर ऊन चढायच्या आत चीक शिजवायचा, सोऱ्यातून घालायच्या, जुन्या लुगड्यावर वाळत टाकायच्या. एका सकाळी आम्ही दोघीच गच्चीवर होतो. मी तिला सगळं सांगितलं. बरण्या, डबे, फळ्यांवरच्या बाटल्या, वादळ, सगळं. अर्धा पेलाही सांगितला. मनातून वाटत होतं की तिनं म्हणावं, नको जाऊस. दारूच्या नावानं तिनं आयुष्यभर डोळे पुसले होते. तीच म्हणाली असती तर मला ठरवावं लागलं नसतं.

आई सोऱ्या दाबत राहिली. एक कुरडई झाली, दुसरी झाली.

"जावई बोलत्यात का तुझ्याशी?" तिनं विचारलं.

"काय?"

"बोलत्यात का, म्हणते."

"आता बोलतात. आधी नाही बोलायचे."

"काय बोलत्यात?"

"काहीही. कामावरचं. लहानपणचं. नीट जमत नाही त्यांना, पण बोलतात."

तिनं सोऱ्या खाली ठेवला आणि पदरानं तोंडावरचा घाम पुसला.

"तुझे दादा प्यायचे ते मी सोसलं असतं," ती म्हणाली. "गावात थोड्या बायकांनी का सोसलंय? पण प्यायला लागल्यापासनं घरात यायचं अन् भिंतीकडं तोंड करून निजायचं. सणाला नाही, दुखण्याखुपण्याला नाही. अठरा वर्षांत माझ्याशी धड बोलणं झालं नाही त्यांचं. भांडले असते तरी चाललं असतं मला. तुम्हा पोरांना वाटायचं, आई दारूपायी रडते."

खाली रस्त्यावरून बैलगाडी गेली.

"तू जा," आई म्हणाली. "माणूस बोलता झालाय. त्याला परत मुका करू नगंस."

तिनं सोऱ्या उचलला, चीक भरला आणि माझ्याकडे दिला.

मी मे महिन्यात परत गेले. भोईटे विमानतळावर आधीपासून येऊन बसले होते. दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं होतं. माझी बॅग उचलून गाडीत ठेवली आणि निघालो. घर तिथून चार तासांवर. दोन्ही बाजूंना झाडांना बारीक पालवी फुटलेली, तळ्यांतलं बर्फ फुटून काठाला लागलेलं. गाडी शहराबाहेर पडली तसे ते बोलायला लागले. मध्येच शब्द अडायचा, मग गाडीचा वेग कमी व्हायचा, सापडला की पुन्हा वाढायचा. कशाबद्दल बोलत होते ते आज कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. हवा छान होती म्हणून मी काच खाली केली होती. वाऱ्यामुळे त्यांचं बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून मी ती पुन्हा वर घेतली.